रोजच्या डोकेदुखीवर रोजची गोळी: किती दिवस चालेल?

भांडुपची लेक

नमस्कार. माझ्या आईच्या डोकेदुखीविषयी आणि त्यासाठी ती घेत असलेल्या गोळ्यांविषयी जाणकारांचे मत हवे आहे.

आईचे वय ५३ आहे. ती शिक्षिका असून रोज भांडुपहून दादरला लोकलने जाते. डोकेदुखी तिला तरुणपणापासून आहे. पूर्वी महिन्या-दोन महिन्यांतून एकदा डोक्याची एक बाजू ठणकत असे, उजेड आणि भांड्यांचा आवाज सहन होत नसे, मळमळत असे, आणि उलटी होऊन गेली की अंधाऱ्या खोलीत चार-पाच तास झोपल्यावर तिला बरे वाटत असे. आमच्या घरात याला सगळे पित्तच म्हणत आले. आजीलाही असाच त्रास होता, त्यामुळे कुणाला त्यात विशेष काही वाटले नाही.

गेल्या दीड-दोन वर्षांत मात्र दुखण्याचे स्वरूप बदलले आहे. आता महिन्यातले निम्म्याहून अधिक दिवस डोके दुखते. ते पूर्वीसारखे ठणकत नाही, दोन्ही बाजूंनी आवळल्यासारखे जड वाटते आणि पहाटे जाग येते तीच दुखण्यासह येते. चहाबरोबर एक गोळी घेतल्याशिवाय ती घराबाहेर पडू शकत नाही. तिच्या पर्समध्ये पॅरासिटामॉल ६५० मि.ग्रॅ.ची स्ट्रिप असते, आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली दुसरी असते, आणि फार वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनी अर्धशिशीसाठी लिहून दिलेली अर्गोटामिन व कॅफिनची तिसरीही असते. ही तिसरी आता इमारतीखालच्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळते. कोणत्या दिवशी कोणती घ्यायची हे ती दुखण्याच्या जोरावरून ठरवते. त्याशिवाय तिला रक्तदाब आहे आणि त्यासाठी टेल्मिसार्टन व हायड्रोक्लोरोथायाझाइडची एकत्र गोळी रोज सकाळी चालू आहे.

डोके रक्तदाबामुळे दुखते असे बाबांचे म्हणणे आहे आणि थेट एमआरआय करून घ्यावा असा त्यांचा आग्रह आहे. आई म्हणते, की साध्या डोकेदुखीसाठी डॉक्टरांचा वेळ कशाला घ्यायचा. मला काळजी वाटते ती गोळ्यांची. इतक्या गोळ्या इतके दिवस घेणे सुरक्षित आहे का, त्या कमी कशा करायच्या, आणि दाखवायचे झाल्यास नेमके कुणाला दाखवावे?

दादरच्या दुकानातून

ताई, मी गेली अनेक वर्षे दादरला औषधविक्रेता म्हणून काम करतो. निदान करणे हे डॉक्टरांचे काम आहे, त्यामुळे मी केवळ पर्समधल्या तीन स्ट्रिपांविषयी लिहितो. मात्र त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे मला आवश्यक वाटते.

पहिली गोष्ट अशी, की स्ट्रिपच्या दर्शनी बाजूला मोठ्या अक्षरांत छापलेले असते ते विक्रीचे नाव. त्याखाली बारीक अक्षरांत असते ते औषध. क्रोसिन, कॅलपॉल आणि डोलो ही नावे वेगळी असली तरी आत पॅरासिटामॉलच आहे. कॉम्बिफ्लाममध्ये आयब्युप्रोफेन ४०० मि.ग्रॅ. आणि पॅरासिटामॉल ३२५ मि.ग्रॅ. असते. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांमध्येही पॅरासिटामॉल असते, आणि ते तिथे आहे हे घेणाऱ्याच्या गावीही नसते. आता हिशेब पाहा. एखाद्या वाईट दिवशी ६५० च्या तीन गोळ्या घेतल्या, मध्ये दोन वेळा एकत्र औषधाची गोळी घेतली आणि सर्दी झाली म्हणून ५०० मि.ग्रॅ. पॅरासिटामॉल असलेल्या तीन गोळ्या घेतल्या, तर एकूण ४१०० मि.ग्रॅ. पॅरासिटामॉल पोटात जाते. निरोगी प्रौढ माणसासाठी चोवीस तासांतली कमाल मर्यादा ४००० मि.ग्रॅ. आहे. वजन ५० किलोहून कमी असेल, यकृताचा आजार असेल, नियमित मद्यपान असेल किंवा उपासमार झालेली असेल, तर ती मर्यादा आणखी खाली येते. म्हणजे कोणतीही एक गोळी जास्त न घेतासुद्धा माणूस मर्यादा ओलांडू शकतो.

हे मी इतक्या आग्रहाने लिहितो आहे, कारण पॅरासिटामॉलचा डोस जास्त झाला तर पहिल्या दिवशी बहुधा काहीच जाणवत नाही. यकृताला झालेली इजा दोन-तीन दिवसांनी दिसू लागते. त्यावर एन-ॲसिटिलसिस्टीन हा उतारा उपलब्ध आहे, पण तो पहिल्या आठ तासांत मिळाला तर सर्वांत चांगला लागू पडतो. म्हणून चुकून जास्त गोळ्या घेतल्या गेल्या असतील, तर त्रास होतो का याची वाट न पाहता रुग्णालयाच्या अपघात विभागात जावे.

दुसरी बाब आईंच्या बाबतीत अधिक तातडीची आहे. टेल्मिसार्टन, हायड्रोक्लोरोथायाझाइड आणि आयब्युप्रोफेन ही तीन औषधे एकत्र आली की मूत्रपिंडावर तीन बाजूंनी ताण येतो. पहिल्या दोन औषधांचा मूत्रपिंडातल्या रक्तप्रवाहावर आणि शरीरातल्या पाण्यावर परिणाम होतो, आणि आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा नॅप्रोक्सेन यांसारखी वेदनाशामके मूत्रपिंडाची रक्तप्रवाह सांभाळण्याची स्वतःची सोयच बंद करतात. ऑक्टोबरच्या उकाड्यात, जुलाब-उलट्या होत असताना किंवा दिवसभर पाणी कमी प्यायले गेले असताना हा धोका वाढतो. शिवाय याच वेदनाशामकांमुळे रक्तदाब वाढतो आणि रक्तदाबाच्या औषधाचा परिणाम कमी होतो. पोटाला जपण्यासाठी सोबत पँटोप्राझोल घेतले की झाले, असे अनेक ग्राहक मला सांगतात. पँटोप्राझोल जठराला संरक्षण देते, पण मूत्रपिंडाला त्याचा काहीही आधार नाही.

तिसरी स्ट्रिप अर्गोटामिनची. हे औषध रक्तवाहिन्या आकुंचित करते. ज्यांना हृदयविकार आहे, हातापायांच्या रक्तवाहिन्यांचा आजार आहे किंवा रक्तदाब आहे, त्यांना ते देऊ नये असे त्याच्या माहितीपत्रकात लिहिलेले असते. गर्भवतींनी ते घ्यायचेच नसते. क्लॅरिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिन ही प्रतिजैविके आणि बुरशीवरची कीटोकोनॅझोल, इट्राकोनॅझोल ही औषधे चालू असताना अर्गोटामिन घेतले, तर शरीरातले त्याचे प्रमाण इतके वाढू शकते की बोटांचा रक्तपुरवठा तुटतो. घशाच्या संसर्गासाठी एक डॉक्टर प्रतिजैविक लिहून देतात आणि पर्समध्ये अर्गोटामिन आहे हे त्यांना कुणी सांगितलेलेच नसते. ही गोळी चिठ्ठीशिवाय देऊ नये असा नियम आहे आणि तो पाळला गेला पाहिजे, असे मी माझ्या व्यवसायबंधूंनाही सांगत असतो. आईंनी आता डॉक्टरांना विचारल्याखेरीज ती घेऊ नये, असे मी स्पष्टपणे सुचवतो.

आणखी एक. मेडिकलमधून दोन-चार गोळ्या कापून घेतल्या की कित्येकदा नाव, घटक आणि मुदत असलेला भाग दुकानातच राहतो. घरी उरते ती नुसती चंदेरी पट्टी. शक्यतो पूर्ण स्ट्रिप घ्यावी, किंवा घटक आणि मुदत लिहिलेला तुकडाच द्या असे दुकानदाराला सांगावे. एकत्र औषधांच्या बाबतीत तर घटक वाचणे फार गरजेचे आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा ३२८ ठरावीक मिश्रणांवर एकाच वेळी बंदी घातली होती, यावरून आपल्या बाजारात किती अनावश्यक मिश्रणे होती हे लक्षात येईल. औषधाचा दुष्परिणाम झाल्यास १८००-१८०-३०२४ या भारतीय औषध दक्षता कार्यक्रमाच्या निःशुल्क क्रमांकावर रुग्णालाही कळवता येते.

मज्जाविकार विभागातून निवृत्त

मी मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयात मज्जासंस्थेच्या आजारांवर उपचार करत होते. वरच्या उत्तरातले प्रत्येक विधान योग्य आहे. मी निदानाविषयी लिहिते. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय कुणाचेही निदान निश्चित करता येत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

तुम्ही वर्णन केलेला आईंचा जुना त्रास अर्धशिशीच्या वर्णनाशी जवळजवळ तंतोतंत जुळतो. अर्धशिशीचा झटका उपचाराविना साधारण ४ ते ७२ तास टिकतो, दुखणे बहुधा एका बाजूचे आणि ठणकणारे असते, हालचालीने वाढते, आणि सोबत मळमळ किंवा उजेड-आवाजाचा त्रास असतो. घराण्यात हा आजार असणे नेहमीचेच आहे. आपल्याकडे उलटी होते म्हणून त्याला पित्त समजण्याची रीत आहे. परंतु इथे पोट बिघडल्यामुळे डोके दुखत नसते. झटका मेंदूत सुरू होतो आणि त्याचाच भाग म्हणून जठराचे काम मंदावते. याला व्यवहारातही महत्त्व आहे. जठर मंदावल्यावर घेतलेली गोळी पोटातच पडून राहते आणि उशिरा लागू पडते. म्हणून अर्धशिशीत गोळी घ्यायचीच असेल तर दुखणे सुरू होताच पुरेशा मात्रेत घ्यावी, आणि मळमळ फार असेल तर डॉक्टर तिच्याबरोबर मळमळीवरचे औषधही देतात. दुखणे शिगेला पोहोचेपर्यंत अंगावर काढायचे आणि मग एकामागून एक तीन गोळ्या घ्यायच्या, यात औषध जास्त जाते आणि आराम कमी मिळतो.

आता नव्या त्रासाविषयी. मूळची अर्धशिशी असलेली व्यक्ती जेव्हा महिन्यातले १५ किंवा अधिक दिवस डोकेदुखी सांगते आणि तीन महिन्यांहून अधिक काळ वेदनाशामके नियमित घेत असते, तेव्हा औषधांच्या अतिवापरामुळे होणारी डोकेदुखी हे निदान आमच्या मनात सर्वप्रथम येते. नुसते पॅरासिटामॉल किंवा नुसते आयब्युप्रोफेन असेल तर महिन्यातले १५ दिवस ही त्याची सीमा मानली जाते. अर्गोटामिन, ट्रिप्टान गटातली अर्धशिशीवरची औषधे, अफूजन्य वेदनाशामके, एकत्र मिश्रणे, किंवा आईंसारखी निरनिराळ्या गोळ्यांची आलटून-पालटून सरमिसळ असेल तर ही सीमा १० दिवसांची आहे. इथे मोजायचे असतात ते दिवस. एका दिवशी दोन गोळ्या घेतल्या तरी तो एकच दिवस धरायचा, आणि उलट रोज केवळ अर्धी गोळी घेणारी व्यक्तीही सीमेपलीकडे जाते. गोळी सौम्य आहे म्हणून ती रोज चालते, हा समज इथेच माणसाला फसवतो.

असे का होते? वारंवार वेदनाशामक मिळत राहिले की मेंदूतल्या वेदनेच्या मार्गांची संवेदनशीलता वाढते, आणि औषधाचा अंमल उतरू लागताच दुखणे डोके वर काढते. रात्रभर गोळी पोटात गेलेली नसते, म्हणून पहाटे दुखणे ठरलेले. मग सकाळची गोळी, मग तात्पुरता आराम, आणि पुढच्या पहाटेची तयारी. या आजारात रुग्णाचा कोणताही दोष नसतो. ज्या बाईला वर्गात चाळीस मुलांसमोर उभे राहायचे आहे तिने दुखणे थांबवणारी गोळी घेतली, यात बोल लावण्यासारखे काहीच नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण घरची माणसे पुष्कळदा गोळ्यांवरून रुग्णाला बोलतात आणि मग ती व्यक्ती गोळ्या लपवून घेऊ लागते.

रक्तदाबाविषयी तुमच्या वडिलांना सांगा, की थोडाफार वाढलेला रक्तदाब सहसा डोके दुखवत नाही. तो १८०/१२० च्या आसपास किंवा वर गेला आणि सोबत धूसर दिसणे, गोंधळणे किंवा छातीत दुखणे असेल, तर मात्र ताबडतोब रुग्णालय गाठावे. असे असले तरी घरी दोन आठवडे रक्तदाब मोजून त्याची नोंद आणावी, कारण वेदनाशामकांमुळे तो वाढलेला असू शकतो.

एमआरआयबद्दल थोडे सविस्तर. वर्षानुवर्षांची, न बदललेली अर्धशिशी असेल आणि तपासणीत काही दोष आढळला नाही, तर स्कॅनची गरज नसते. आईंच्या बाबतीत पन्नाशीनंतर दुखण्याचे स्वरूप बदलले आहे, त्यामुळे प्रत्यक्ष तपासणी टाळता येणार नाही. डॉक्टर डोळ्यांचा पडदा पाहतील, कानशिले दाबून दुखतात का आणि चावताना जबडा दुखतो का हे विचारतील, ईएसआर आणि सीआरपी या शरीरातला दाह दाखवणाऱ्या रक्ताच्या साध्या तपासण्या व मूत्रपिंडाचे काम पाहण्यासाठी क्रिएटिनिनची तपासणी करतील, आणि त्यानंतर स्कॅन हवा की नको हे ठरवतील. आई झोपेत मोठ्याने घोरतात का आणि घोरताना श्वास मध्येच थांबतो का, हेही तुम्ही लक्ष देऊन पाहा. सकाळच्या डोकेदुखीचे ते एक स्वतंत्र कारण आहे.

पुढील परिस्थितीत मात्र ओपीडीची वाट न पाहता त्याच दिवशी अपघात विभागात जावे. क्षणार्धात शिगेला पोहोचलेली, आयुष्यात कधी न अनुभवलेली डोकेदुखी, ताप आणि मान आखडणे, हातापायातली शक्ती जाणे, तोंड वाकडे होणे किंवा बोलणे अडखळणे, आकडी, नजर अचानक कमी होणे, डोक्याला मार लागल्यानंतर, विशेषतः रक्त पातळ करणारी औषधे चालू असताना, वाढत जाणारे दुखणे, गरोदरपणाच्या २० आठवड्यांनंतर किंवा प्रसूतीनंतर नव्याने सुरू झालेले तीव्र दुखणे. आपल्या शहरात क्षयरोगाचे प्रमाण पाहता आणखी एक सांगते. दोन आठवड्यांहून अधिक काळ हळूहळू वाढणारी डोकेदुखी, संध्याकाळचा बारीक ताप आणि वजन घटणे हे मेंदूच्या आवरणाच्या क्षयाचे लक्षण असू शकते, आणि नेमकी हीच डोकेदुखी गोळ्या घेऊन आठवडेच्या आठवडे दाबून ठेवली जाते.

उपचाराची दिशा साधारण अशी असते. साधी वेदनाशामके आणि ट्रिप्टान एकदम बंद करता येतात. अफूजन्य गोळ्या किंवा झोपेच्या गोळ्या रोज चालू असतील तर त्या हळूहळू आणि देखरेखीखालीच कमी कराव्या लागतात. बंद केल्यावर पहिले दोन ते दहा दिवस दुखणे वाढते, मळमळ होते, झोप उडते. हे आधी ठाऊक नसेल तर माणूस तिसऱ्या दिवशी पुन्हा स्ट्रिप उघडतो. त्याच सुमारास प्रतिबंधक औषध सुरू केले जाते. प्रोप्रानोलॉल, अमिट्रिप्टिलिन, फ्लुनारिझिन, टोपिरामेट अशी अनेक औषधे आहेत आणि कुणाला कोणते हे सोबतच्या आजारांवरून ठरते. दमा असणाऱ्याला प्रोप्रानोलॉल देत नाहीत. फ्लुनारिझिनने वजन आणि सुस्ती वाढू शकते. आईंना रक्तदाब असल्यामुळे डॉक्टर कदाचित रक्तदाबावरचे असे औषध निवडतील की ज्याने अर्धशिशीही कमी होते. कँडेसार्टन त्यांपैकी एक आहे. प्रतिबंधक औषधाचा परिणाम दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात, त्यामुळे आठवड्याभरात ते निरुपयोगी ठरवू नये.

कुणाला दाखवावे? सुरुवात आपल्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांपासूनच करावी. पुढे गरज लागली तर केईएम, नायर, सायन, जे.जे. या रुग्णालयांत न्यूरोलॉजीची ओपीडी आहे. जाताना तिन्ही स्ट्रिपा, रक्तदाबाची नोंद आणि किमान चार आठवड्यांची डोकेदुखीची वही घेऊन जा. डोकेदुखीसाठी डॉक्टरांचा वेळ घेण्यात संकोच वाटण्याचे काहीच कारण नाही.

गिरगावची वाचक

डॉक्टरबाईंनी लिहिलेल्या या चक्रातून मी स्वतः बाहेर पडले आहे, म्हणून गोळ्या बंद केल्यानंतरच्या दिवसांविषयी थोडे लिहिते. ते दिवस खरोखर कठीण असतात आणि त्यांची तयारी घरातल्या सगळ्यांनी मिळून करावी लागते. माझ्या डॉक्टरांनी मला शाळा-कॉलेजच्या परीक्षा, घरातले लग्न आणि गणपती सोडून तारीख निवडायला सांगितली होती. आईंना दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी सोयीची पडेल, पण आता लगेच दाखवून घेणे सुट्टीपर्यंत लांबवू नका.

वहीबद्दल सांगते. फार काही लिहावे लागत नाही. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेच्या चौकटीत दुखले तर एक खूण, गोळी घेतली तर दुसरी खूण आणि गोळीचे नाव. महिना संपला की ते पान डॉक्टरांसमोर ठेवायचे. माझ्या बाबतीत त्या पानावरूनच डॉक्टरांना दिसले, की संकष्टीच्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी दुखणे हमखास असते. चंद्रोदय होईपर्यंत पोट रिकामे राहायचे, दिवसभर केवळ चहा व्हायचा, आणि रात्री उशिरा जेवण. उपवास सोडावा असे मला कुणी सांगितले नाही आणि मी तो सोडलाही नाही. दर तीन-चार तासांनी ताक, फळे, राजगिऱ्याचा लाडू असे काही घ्यायचे आणि पाणी भरपूर प्यायचे, एवढे ठरवले. ज्यांच्या घरी निर्जळी उपवासाचा नेम आहे त्यांनी अर्धशिशी असल्यास याचा जरूर विचार करावा.

चहाचेही तसेच. एके दिवशी चार कप आणि रविवारी एकच, अशा चढउतारानेसुद्धा कॅफिन कमी पडून डोके दुखते. डोकेदुखीच्या अनेक गोळ्यांत कॅफिन असते, म्हणून गोळ्या थांबवताना चहाही त्याच दिवशी तोडू नये. तो ठरावीक वेळी, ठरावीक प्रमाणात ठेवावा आणि पुढे हळूहळू कमी करावा. रविवारी उशिरापर्यंत झोपण्याची सवयही मला सोडावी लागली, कारण झोपेची वेळ बदलली की झटका येई. बाम लावल्याने मला बरे वाटे आणि डॉक्टरांनी त्याला हरकत घेतली नाही.

कुर्ल्याचा रहिवासी

विषयाला धरूनच एक प्रश्न विचारतो. पावसाळ्यात आमच्याकडे कुणाला ना कुणाला तापाबरोबर जोराची डोकेदुखी होते. अशा वेळी पॅरासिटामॉलने डोके थांबले नाही तर आयब्युप्रोफेनची गोळी द्यावी का?

मज्जाविकार विभागातून निवृत्त

देऊ नये. मुंबईत जून ते ऑक्टोबरमध्ये तापाबरोबर डोके दुखत असेल तर डेंग्यू, मलेरिया आणि लेप्टोस्पायरोसिस या तिन्हींचा विचार रक्ततपासणी होईपर्यंत बाजूला ठेवता येत नाही. डेंग्यूत रक्तस्रावाचा धोका असतो, आणि ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही औषधे तो वाढवतात. म्हणून निदान होईपर्यंत केवळ पॅरासिटामॉल, तेही मर्यादेत, आणि भरपूर द्रवपदार्थ. डोळ्यांच्या मागे दुखणे हे डेंग्यूचे नेहमीचे लक्षण आहे. ताप उतरला म्हणजे डेंग्यू गेला असे समजू नये, कारण पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येणे ही धोक्याची लक्षणे नेमकी ताप उतरण्याच्या सुमारास दिसतात.

आपल्या कुर्ला-सायन भागात पाणी साचते, म्हणून लेप्टोविषयी वेगळे सांगते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मि.मी. पाऊस झाला, त्यानंतरच्या आठवड्यांत या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आले होते. साचलेल्या पाण्यातून चालावे लागले असेल, पायाला जखम असेल, आणि नंतर ताप, डोकेदुखी, पोटऱ्या दुखणे व डोळे लाल होणे असे दिसले, तर दवाखान्यात जाऊन पाण्यातून चालल्याचे स्वतःहून सांगावे. पाण्यातून चालून आल्यानंतर ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक घेण्याची शिफारस महापालिका करते. गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांच्यासाठी औषध वेगळे असते. सोळा वर्षांखालील मुलांना तापात ॲस्पिरिन कधीही देऊ नये, कारण त्यातून यकृत आणि मेंदूला इजा करणारा राय सिंड्रोम हा दुर्मीळ पण जीवघेणा आजार होऊ शकतो.

भांडुपची लेक

आपल्या सर्वांचे मनापासून आभार. आईला ही सर्व उत्तरे वाचून दाखवली. रुग्णाचा दोष नसतो हे वाक्य ऐकल्यावर ती बराच वेळ बोलली, आणि शनिवारी फॅमिली डॉक्टरांकडे जायला तयार झाली आहे. अर्गोटामिनची स्ट्रिप तिने स्वतःच बाजूला काढून ठेवली. तिचा एक प्रश्न आहे: जिने चढल्यावर गुडघे दुखतात म्हणून ती कधी कधी पर्समधलीच वेदनाशामक गोळी घेते. डोके दुखत नसताना गुडघ्यासाठी घेतलेली गोळी मोजायची का?

मज्जाविकार विभागातून निवृत्त

मोजायची. गोळी कशासाठी घेतली हे मेंदूला कळत नाही. ज्यांना मुळात अर्धशिशी आहे त्यांची डोकेदुखी गुडघा, कंबर किंवा दात यांसाठी घेतलेल्या वेदनाशामकांनीही वाढत जाऊ शकते. म्हणून दिनदर्शिकेत त्या दिवशी गोळीची खूण करावी आणि समोर गुडघा असे लिहावे. गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅकचे मलम लावता येईल. मलमातून रक्तात उतरणारे औषध गोळीच्या मानाने फार कमी असते, तरीही आईंच्या मूत्रपिंडाची तपासणी होईपर्यंत तेसुद्धा डॉक्टरांना विचारून आणि थोड्या जागेवरच लावावे. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घेतले तर त्याचा गुडघ्याला गोळीपेक्षा अधिक टिकाऊ उपयोग होतो. शनिवारी डॉक्टरांना गुडघ्याविषयीही सांगा आणि क्रिएटिनिनची तपासणी त्याच भेटीत लिहून घ्या. रक्तदाबाची गोळी मात्र त्यांनी सांगितल्याशिवाय बंद करू नका.